छेदात काय आहे? विमा कंपनीचा शेअर आणि पी/बी गुणोत्तर



सहावीत गुणोत्तर-प्रमाण शिकवताना मी पोरांना एकच गोष्ट सारखी सांगत असतो. भागाकार करायच्या आधी खाली काय लिहिलंय ते नीट वाचा. वरचा आकडा सगळ्यांना दिसतो, चूक होते ती छेदात. आणि हीच चूक मी स्वतः मार्च २०२३ मध्ये केली. माझ्या सांगण्यावरून आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी एलआयसीचे पंधरा शेअर तोट्यात विकले. त्यानंतर या विषयाच्या मागेच लागलो. जे समजलं ते इथे लिहितोय.

आधी घडलं ते सांगतो. एलआयसीचा आयपीओ ४ ते ९ मे २०२२ या दिवसांत आला. आपल्या शिक्षकांत एलआयसीची पॉलिसी नसलेला माणूस शोधून सापडणार नाही, पगारातूनच हप्ता कापला जातो. पॉलिसीधारकांसाठी वेगळा कोटा होता, फक्त २८ फेब्रुवारीच्या आत पॉलिसीला पॅन जोडायचं होतं. आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता. शेअरची किंमत ९४९ ठरली, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट, म्हणजे ८८९ ला एक. पंधरा शेअरचा एक लॉट. मॅडमना एक लॉट लागला, १३,३३५ रुपये गेले. १७ मे ला शेअर बाजारात आला तोच ८७० च्या आसपास, म्हणजे सवलतीच्या भावापेक्षाही खाली, आणि मग घसरतच राहिला.

मार्च २०२३ उजाडला. जुन्या पेन्शनसाठी संप झाला होता, १४ ते २० मार्च. आम्ही दोघंही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणजे आपली पेन्शन बाजाराच्या भरवशावर. संप मिटला पण मनातली धाकधूक मिटली नव्हती. अशा वेळी मॅडम म्हणाल्या, "सर, हा तर घसरूनच राहिला. ५३५ वर आला. ठेवू का विकून टाकू?"

मी मोबाईल काढला. ॲपवर शेअरखाली लिहिलं होतं, पी/बी तिशीच्या वर. मी म्हटलं, "मॅडम, याची बुक व्हॅल्यू सोळा-सतरा रुपये आहे. सोळा रुपयांची वस्तू आपण ५३५ ला धरून बसलोय." त्यांनी विकले. ८,०२५ रुपये आले. तोटा ५,३१० रुपये. रक्कम फार मोठी नाही, पण माझ्या भागाकारामुळे गेली.

दोन महिन्यांनी, मे अखेरीस, एलआयसीचे वार्षिक आकडे आले. सहज म्हणून ॲप उघडलं तर पी/बी आठ-साडेआठ! भाव थोडाच वाढला होता, सहाशेच्या आसपास. मग गुणोत्तर एकदम एक चतुर्थांश कसं झालं? अंश जवळजवळ तोच आणि उत्तर चौथाई, म्हणजे छेद चौपटीच्या वर गेला. एवढी मोठी, १९५६ पासूनची संस्था, तिची "बुक व्हॅल्यू" एका वर्षात साडेचारपट होते? तेव्हा लक्षात आलं की त्या छेदात काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

पी/बी म्हणजे काय

प्राइस टू बुक. वर शेअरचा बाजारभाव, खाली एका शेअरमागची पुस्तकी किंमत. पुस्तकी किंमत म्हणजे कंपनीची सगळी मालमत्ता वजा सगळं देणं, भागिले शेअरची संख्या.

आपल्याला हे समजायला मुंबईला जायची गरज नाही. शिक्षकांची पतसंस्था घ्या. तिच्याकडे कर्जाऊ दिलेले, बँकेत ठेवलेले मिळून समजा ५० कोटी आहेत. पण त्यातले ४४ कोटी सभासदांच्या ठेवी, त्या परत करायच्या आहेत. उरलेले ६ कोटी, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी, हे संस्थेचं "स्वतःचं". हीच बुक व्हॅल्यू. तिजोरीत ५० कोटी आहेत म्हणून संस्था ५० कोटींची होत नाही.

बँका, पतसंस्था, विमा कंपन्या यांच्याकडे पैसाच कच्चा माल असतो आणि पैसाच पक्का माल. म्हणून सिमेंट किंवा साबणाच्या कंपनीपेक्षा यांना पी/बी लावणं जास्त बरोबर, असं पुस्तकांत सांगतात. खरं आहे. फक्त "विमा कंपनी" या एका शब्दात दोन फार वेगळे धंदे बसलेले आहेत, आणि माझी गफलत तिथेच झाली.

आयुर्विम्याचा छेद

३१ मार्च २०२२ ला एलआयसी सांभाळत असलेला पैसा सुमारे ४१ लाख कोटी होता. आणि तिचं नेटवर्थ? दहा हजार कोटींच्या आसपास. शेअर ६३२ कोटींच्या थोडे वर. म्हणून शेअरमागे सोळा रुपये.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ४१ लाख कोटींपैकी जवळजवळ सगळा पैसा तुमचा-माझा, म्हणजे विमेदारांचा. पुढच्या वीस-तीस वर्षांत मुदतपूर्तीला आणि मृत्युदाव्यांना द्यायचा. किती द्यावा लागेल हा अंदाज अॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित करणारे लोक, लावतात. त्या अंदाजात नुसता एक टक्का इकडेतिकडे झाला तर ४१ हजार कोटींचा फरक पडतो, म्हणजे नेटवर्थच्या चौपट. दोन प्रचंड संख्यांची वजाबाकी करून उरलेली ती एक बारीकशी संख्या आहे. मी नेमकी तीच पकडून "सोळा रुपयांची वस्तू" म्हणालो होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपल्या जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजाकडे संत्र्याच्या बागा आहेत. ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना लगेच कळेल. कलमं लावली की पहिली चार-पाच वर्षं नुसता खर्च. खड्डे, खत, ठिबक, राखण. या वर्षांत बागायतदाराची वही बघितली तर तो बुडालेला दिसेल, आणि जेवढी जास्त झाडं लावली तेवढा जास्त बुडालेला दिसेल. पुढे झाडं आंबिया आणि मृग बहार देत राहतात. बाग विकत घ्यायला आलेला माणूस जमीन आणि मोटारपंपाचीच किंमत करेल का? उभ्या झाडांना पुढची पंधरा वर्षं काय बहार येणार, त्याचा हिशेब तो करणारच.

आयुर्विम्याची पॉलिसी अशीच असते. एजंटचं पहिल्या वर्षाचं कमिशन, कागदपत्रं, तपासणी, सगळा खर्च सुरुवातीलाच लागतो आणि वहीत लगेच पडतो. नफा पुढे वीस वर्षं थोडाथोडा झिरपतो. म्हणजे जोरात नवीन पॉलिसी विकणाऱ्या कंपनीची बुक व्हॅल्यू उलट दबलेली दिसते. वहीत पंप दिसतो, झाडं दिसत नाहीत.

म्हणून आयुर्विमा कंपन्या आणखी एक आकडा काढतात, एम्बेडेड व्हॅल्यू. मराठीत अंगभूत मूल्य म्हणू या. यात स्वतःचं नेटवर्थ घेतात, आणि आज अस्तित्वात असलेल्या पॉलिसींतून पुढे भागधारकांना मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत त्यात मिळवतात. उभी झाडं धरली, पुढच्या वर्षी लावायची धरली नाहीत. (नवीन झाडांसाठी वेगळा आकडा असतो, व्हॅल्यू ऑफ न्यू बिझनेस. ज्यांना खोलात जायचं त्यांनी तोही बघावा.)

३० सप्टेंबर २०२१ ला एलआयसीची एम्बेडेड व्हॅल्यू ५,३९,६८६ कोटी काढली होती. भागिले ६३२.५ कोटी शेअर. करून बघा, शेअरमागे साधारण ८५३ रुपये येतात. आयपीओचा भाव ९४९. ९४९ भागिले ८५३, म्हणजे १.११. एकाच शेअरचं, एकाच किमतीचं गुणोत्तर एका छेदाने साठीच्या घरात येतं आणि दुसऱ्या छेदाने एकच्या जरा वर. मॅडमनी विकले त्या दिवशी पी/बी तिशीच्या वर होता, पण तेव्हा प्रसिद्ध असलेल्या एम्बेडेड व्हॅल्यूने भागलं असतं तर उत्तर ०.६२ च्या आसपास आलं असतं.

मग छेद साडेचारपट कसा झाला?

२०२१-२२ मध्ये एलआयसीचा नफा ४,०४३ कोटी होता. २०२२-२३ मध्ये ३६,३९७ कोटी. नऊपट! लोकांना वाटलं काहीतरी चमत्कार झाला. पण या नफ्यातले सुमारे २७ हजार कोटी हे एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलेले पैसे होते. "नॉन-पार" फंडात, म्हणजे बोनस न देणाऱ्या पॉलिसींच्या फंडात, साठलेली रक्कम भागधारकांच्या खात्यात आणली. नेटवर्थ दहा हजार कोटींवरून पंचेचाळीस हजार कोटींवर गेलं. ॲपवर त्या वर्षीचा भांडवलावरचा परतावा ऐंशी टक्क्यांच्या घरात दिसत होता. ३६ भागिले ४५, गणित बरोबरच आहे. पण धंदा ऐंशी टक्के परताव्याचा झाला नव्हता आणि वर्षभरापूर्वी तो सोळा रुपयांचाही नव्हता.

या खिशांची गोष्ट थोडी सांगायलाच हवी, कारण आपण दोन्ही बाजूला आहोत. पूर्वी एलआयसीचा एकच मोठा फंड होता. उरलेल्या शिलकीतले ९५ टक्के विमेदारांना बोनस म्हणून, ५ टक्के सरकारला. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि फंडाचे दोन भाग झाले. बोनसवाल्या पॉलिसींत भागधारकांचा वाटा टप्प्याटप्प्याने ५ वरून १० टक्क्यांवर न्यायचा ठरला, आणि नॉन-पार पॉलिसींचा सगळा नफा भागधारकांचा. याचा परिणाम केवढा? ३१ मार्च २०२१ ला एम्बेडेड व्हॅल्यू होती ९५,६०५ कोटी. सहाच महिन्यांत झाली ५,३९,६८६ कोटी. झाडं तीच, बहार तोच. कोणाला किती टोपल्या मिळणार हे मात्र बदललं.

माझ्यासारख्याकडे जीवन आनंद आहे, शेअर नाही. मॅडमकडे दोन्ही होतं. बऱ्याच जणांनी पॉलिसीधारक म्हणून शेअर घेतला, "आपलीच कंपनी" म्हणून. पण विमेदार म्हणून जो रुपया आपल्याला बोनसमध्ये येतो तो भागधारक म्हणून येत नाही, आणि उलटही. शेअर घेताना आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. स्टाफरूममध्ये हे तेव्हा कोणीच बोललं नाही, मीही नाही.

आता एम्बेडेड व्हॅल्यूवर तरी डोळे मिटून विश्वास ठेवायचा का? अजिबात नाही. तो पुढच्या बहाराचा अंदाज आहे. व्याजदर किती धरला, किती लोक हप्ते मधेच बंद करतील असं धरलं, शेअर बाजार कुठे आहे, सगळं त्यात मिसळलेलं असतं. ३१ मार्च २०२३ ला हा आकडा ५.८२ लाख कोटी होता, वर्षभराने ७.२७ लाख कोटी. यात मोठा वाटा बाजारातल्या तेजीचा होता. बाजार पडला तर तो वाटा परतही जातो. आणि बाजार या आकड्याला पूर्ण किंमत देईलच असंही नाही. शेअर १ ऑगस्ट २०२४ च्या सुमारास १,२२० च्या वर गेला होता आणि मार्च २०२५ मध्ये परत सातशेच्या घरात आला. "ठेवले असते तर दुप्पट झाले असते" असं मॅडम कधी बोलल्या नाहीत, पण आम्ही दोघांनीही तो भाव बघितला होता.

पी/बी जिथे खरंच चालतो

साधारण विमा. गाडीचा, आगीचा, आरोग्याचा, पिकाचा. इथे पॉलिसी बहुतेक वर्षाची. दावा आला, दिला, हिशेब संपला. (गाडीखाली माणूस जखमी झाल्याचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, तेवढा अपवाद.) वीस वर्षांनंतरच्या बहाराचा प्रश्न नाही, त्यामुळे पुस्तकी किंमत बऱ्यापैकी खरं बोलते. अमेरिकेत वॉरन बफेंची बर्कशायर हॅथवे, जिचा पाया विम्याचा आहे, तीसुद्धा कित्येक वर्षं दरवर्षीच्या पत्रात सुरुवातीलाच बुक व्हॅल्यू किती वाढली ते सांगायची. धंदा बदलत गेल्यावर २०१८ च्या पत्रात त्यांनी ती पद्धत सोडत असल्याचं सांगितलं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मुंबईची न्यू इंडिया ॲश्युरन्स. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी स्थापन केलेली, १९७३ मध्ये सरकारी झाली, नोव्हेंबर २०१७ मध्ये ८०० रुपयांना आयपीओ आला. पुढच्या वर्षी एकास एक बोनस शेअर दिला, म्हणजे जुने ८०० आताचे ४०० समजायचे. २०२२ मध्ये हा शेअर शंभराच्याही खाली होता आणि कंपनीची सगळी बाजारकिंमत तिच्या नेटवर्थपेक्षा कमी होती. पी/बी एकच्या आत. म्हणजे रुपयाची वस्तू बारा आण्यांना?

इथे छेद बरोबर आहे, पण दुसरा प्रश्न विचारायचा राहतो. तो रुपया कमावतो किती? २०२१-२२ मध्ये कंपनीचा नफा १६४ कोटी होता, नेटवर्थच्या एक टक्क्याच्या आसपास. मुदत ठेवीत यापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. समजा मला शेअरमधून वर्षाला १२ टक्के हवेत. कंपनी आपल्या पुस्तकी शंभर रुपयांवर दरवर्षी १२ कमावत असेल तर मी शंभर देईन, पी/बी १. सहा कमावत असेल तर पन्नासच देईन, पी/बी ०.५. अठरा कमावत असेल तर दीडशे. वाढ वगैरे सोडून दिली तर हे साधं सम प्रमाण आहे. म्हणून पी/बी आणि भांडवलावरचा परतावा हे दोन आकडे नेहमी जोडीने बघायचे. एकट्या पी/बीवरून स्वस्त-महाग ठरत नाही. कंपनीचा परतावा पुढे सुधारला तर तोच स्वस्त दिसणारा शेअर खरंच स्वस्त निघतो, पण सुधारेल का हे भागाकार सांगत नाही.

परतावा कमी का, हे बघायला कम्बाइंड रेशो नावाचा आकडा असतो. शंभर रुपये हप्ता आला तर दावे आणि खर्च मिळून किती गेले? शंभराच्या वर गेला तर विम्यात तोटा, मग गुंतवणुकीच्या व्याजावर गाडी चालते. सरकारी साधारण विमा कंपन्यांचा हा आकडा शंभराच्या बराच वर राहत आला आहे. आपल्या भागात कापूस-सोयाबीनचा पीक विमा भरताना शेतकरी म्हणतात कंपनी लुटते. काही वर्षी तसं वाटण्यासारखं असतं. पण एकाच अवकाळीत अख्ख्या विभागाचे दावे एकदम येतात, तेव्हा हाच आकडा उसळतो. दोन्ही बाजू त्या एका गुणोत्तरात दिसतात.

आणखी एक बारकावा, जो ॲपवर दिसत नाही. जुन्या साधारण विमा कंपन्यांनी फार पूर्वी स्वस्तात घेतलेले शेअर असतात. त्यांच्या भावात झालेली न विकलेली वाढ "फेअर व्हॅल्यू चेंज अकाउंट" या वेगळ्या ओळीत ठेवतात, नेटवर्थमध्ये मिळवत नाहीत. न्यू इंडियासारख्या कंपनीत ही रक्कम हजारो कोटींची असते. ती धरून पी/बी काढला तर एक उत्तर येतं, सोडून काढला तर दुसरं. दोन्ही बरोबर, फक्त कोणतं काढलं ते लिहायला हवं. आपण पोरांचे एकक न लिहिल्याबद्दल अर्धा गुण कापतोच की.

मी सल्लागार नाही, एलआयसी घ्या की विका हे मी आता कोणालाच सांगत नाही. मॅडमनी गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी विचारलं होतं, "सर, पुन्हा बघू का?" मी त्यांना कोऱ्या कागदावर तीन भागाकार मांडून दिले, छेद रिकामे ठेवून. ते आकडे कंपनीच्या वार्षिक अहवालात कुठल्या पानावर शोधायचे तेवढं सांगितलं. ३१ मार्च २०२५ ची एम्बेडेड व्हॅल्यू ७.७७ लाख कोटी, ती त्यांनी स्वतः शोधून आणली आणि शेअरमागे १,२२८ काढून दाखवली. पुढे घेतले की नाही, मी विचारलं नाही.

ज्यांना हे करून बघायचं आहे त्यांनी शेअर बाजारापासून सुरुवात करू नये. आपल्या पतसंस्थेच्या आमसभेला जो अहवाल हातात पडतो आणि चहा झाल्यावर खुर्चीवरच राहतो, तो या वर्षी घरी आणा. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला भागभांडवल आणि राखीव निधी शोधा, बेरीज करा, एकूण शेअरच्या संख्येने भागा. मग थकीत कर्जाच्या पानावर या आणि त्यातलं निम्मं बुडालं असं धरून तोच भागाकार पुन्हा करा.